ताईंचं शांत गाव

माझ्या नणंदेला, म्हणजे ताईंना, शांतता हवी होती. अल्फारेटाला त्यांचं पाच बेडरूमचं घर आहे, राहणारी माणसं दोन. मुलगा शिकायला देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला. शेजारी इतके लांब की त्यांच्या घरी कुणी मेलं तरी पोस्टमनकडून कळायचं. त्या घरात फ्रिजची घरघर सोडली तर दिवसभर कसलाही आवाज नसतो. तरीही थँक्सगिव्हिंगला आम्ही मॉरिसव्हिलहून सहा-साडेसहा तास गाडी चालवून त्यांच्या दारात पोचलो, बूटही काढले नव्हते, तोच त्या म्हणाल्या, "आपण सगळ्यांनी एप्रिलमध्ये जपानला जायचं. टोकियो-बिकियो नाही हं, ते सगळेच करतात. आपण एका फिशिंग व्हिलेजमध्ये राहायचं. एकदम ऑथेंटिक. जिथे काहीच नसतं."

त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, टीव्हीवर फोटो लावूनच ठेवले होते. राखाडी समुद्र, पाण्याला टेकलेली लाकडी घरं, घरांच्या पोटात बांधलेल्या होड्या. भाऊजी एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम बघतात आणि तीन वर्षांपूर्वी एका शिबिराला जाऊन आल्यापासून शाकाहारी आहेत. ते म्हणाले, "लुक ॲट धिस. शून्य टुरिस्ट. समुद्र आणि माणूस, बस."

माझा नवरा म्हणाला, "वा!" तो ताईंहून सहा वर्षांनी लहान आहे आणि त्यांनी दाखवलेल्या कुठल्याही गोष्टीला गेली पंचेचाळीस वर्षं 'वा' म्हणत आला आहे.

मी कोळ्याची मुलगी आहे. माझं माहेर रायगडच्या किनाऱ्यावर, माझ्या वडिलांची होडी होती, आई बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन पाटीवर विकायची. समुद्राकाठच्या गावात काय असतं आणि काय नसतं, हे मला फोटोत बघायची गरज नव्हती. पण मॉरिसव्हिलमध्ये किंवा अल्फारेटात हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या सासरी एक शब्द ठरलेला होता: एक्सपोर्ट. "हिच्या वडिलांचा मासळीच्या एक्सपोर्टचा बिझनेस होता." हे वाक्य लग्नात मांडवातच तयार होऊन आलं आणि मग ते कुणी खोडलं नाही. मीही नाही. कोथरूडच्या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा मला तो शब्द सोयीचा वाटला होता, हे इथे लिहून टाकलेलं बरं. पुढे मी दुसऱ्यांबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे.

माझी मुलगी झाली तेव्हा आई मदतीला आली होती. जानेवारी महिना. आम्ही तेव्हा एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. आईने बॅगेत लपवून सुकट आणली होती, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. बाळंतिणीच्या तोंडाला चव यावी म्हणून तिने एका दुपारी ती कांद्यावर परतली. त्याच दिवशी ताई बाळ बघायला आल्या होत्या. त्यांनी दारातच नाकाला ओढणी लावली. मग एकेक करत सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ पडत होता, पाळण्यात बारा दिवसांचं बाळ होतं, आणि ही बाई खिडक्या उघडत फिरत होती. मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाल्या, "अगं, आईंना सांग ना नीट, इथे घरं बंद असतात. कपड्यांना वास बसतो. उद्या याला ऑफिसला जायचंय."

मला सांगावं लागलं नाही. आईने ऐकलं होतं. माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट अंगात घालून ती सुकटीच्या सगळ्या पुड्या घेऊन खाली गेली आणि कचऱ्याच्या लोखंडी पेटीत टाकून आली. वर आल्यावर तिने हात धुतले आणि ताईंना विचारलं, "चहा टाकू?"

तर अशा ताईंना मासेमारांच्या गावात जाऊन राहायचं होतं.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. ताई, भाऊजी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी आणि मी. विमान, आगगाडी, दुसरी आगगाडी, शेवटी एक लहानशी बस, जिच्यात आमच्याशिवाय दोन म्हाताऱ्या होत्या. आमच्या सहा मोठ्या बॅगांनी बसची वाट अडली. त्या दोघींना उतरायचं होतं तेव्हा त्या बॅगांवरून पाय टाकत गेल्या, आणि वर आम्हालाच वाकून माफी मागत गेल्या. भाऊजी म्हणाले, "बघ, काय कल्चर आहे!" बॅग मात्र त्यांनी हलवली नाही.

आम्ही उतरलो ते घर एका पंचाहत्तरीच्या बाईंचं होतं. त्या एकट्याच राहायच्या आणि वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. आम्ही त्यांना आजी म्हणायला लागलो. त्यांना ते कळत नव्हतं, पण हाक मारल्यावर वळायच्या. घराच्या मागे दगडी धक्का, धक्क्याला लागून पाणी. शेजारच्या अंगणात जाळीच्या चौकटींवर मासे वाळत होते. बांगड्याच्या कुळातले वीतभर मासे, पोटातून उभे चिरून उघडलेले. दोरीवर माकुलं, म्हणजे स्क्विड, टांगलेली. वारा आला की तो वास थेट अंगावर यायचा.

ताई धक्क्यावर उभ्या राहिल्या, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. "आहाहा! हा समुद्राचा वास. असा वास आपल्याकडे येतच नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो होडीकडे बघत होता.

तो वास समुद्राचा नव्हता. समुद्राला एवढा वास नसतो. तो वाळत्या माशांचा वास होता, आमच्या घराच्या मागे बांबूवर बोंबील वाळायचे तेव्हा यायचा तसाच. सात हजार मैलांवर, परक्या लोकांच्या अंगणात आला म्हणून तो समुद्राचा झाला होता.

पुढचे दोन दिवस आम्ही शांतता अनुभवली. म्हणजे ताई आणि भाऊजींनी तिच्यावर सतत बोलत राहून ती अनुभवली. "किती शांत आहे ना?" "एक आवाज नाही, यार." "नो हॉर्न्स, नथिंग." "इथली माणसं किती कंटेंट आहेत." कुणाशी एक वाक्य न बोलता माणसं समाधानी आहेत हे त्यांना कळलं होतं. एक म्हातारी रबरी बूट घालून जाळं दुरुस्त करत बसली होती. भाऊजींनी भली मोठी लेन्स लावून तिच्यासमोर बैठक मारली. ती ओशाळून हसली, मग तिने पाठ फिरवली. भाऊजींनी पाठीचे फोटो काढले. "हाताच्या सुरकुत्या मिळाल्या असत्या तर क्लासिक झाला असता," म्हणाले, आणि वळसा घालून पुन्हा तिच्या समोर गेले. तेव्हा तिने जाळं गोळा केलं आणि ती घरात निघून गेली.

मुलगी मला म्हणाली, "आई, धिस इज सो अनकम्फर्टेबल. कॅन वी गो समव्हेअर एल्स?"

आम्ही दोघी गावातून चालत गेलो. गाव एका फर्लांगात संपलं. शाळा होती. तिच्या अंगणात गवत, घसरगुंडीला गंज, खिडक्यांतून एकावर एक रचलेली बाकं दिसत होती. दुपारी गावातल्या भोंग्यावर कसलीशी सुरावट वाजली, आणि मला वाटलं की आता कुणीतरी धावत बाहेर येईल. कुणी आलं नाही. दर तिसऱ्या घराला कुलूप होतं. ज्या होड्या फोटोत इतक्या देखण्या दिसल्या होत्या, त्यांतल्या निम्म्यांच्या तळाला शेवाळ चढलेलं. महिनोन्‌महिने पाण्यात न हललेली होडी कशी दिसते ते मला कळतं. तसं तर काठावरच्या कुठल्याही पोराला कळतं.

जेवणाची एक गंमत सांगितली पाहिजे. भाऊजींसाठी आजी वेगळं शाकाहारी जेवण करायच्या, भात, लोणची, भाज्या आणि एक वाटी गरम सूप. भाऊजींना ते सूप भयंकर आवडलं. दोन-दोन वाट्या प्यायचे. "किती सात्त्विक आहे बघ," ते म्हणायचे, "पोटाला एकदम लाइट." पहिल्याच घोटाला मला कळलं होतं की ते सुकवलेल्या माशाच्या पाण्यात केलेलं आहे. आजींच्या दृष्टीने त्यात मासा नव्हता, कारण मासा दिसत नव्हता. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी समोर बसून त्यांना ते पिताना बघितलं. हे काही चांगलं वागणं नव्हे, मला माहीत आहे. पण मला त्यात आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती भावाकडे राहते, आमच्या गावातच. वडील जाऊन चार वर्षं झाली. मी फोन फिरवून तिला धक्का दाखवला, घरं दाखवली, होड्या दाखवल्या. आईने चष्मा लावला.

"होड्या सगळ्या बांधूनच हायत गो. दर्यावर कोन जात नाय?"

"जातात चार-पाच जण. म्हातारे."

"पोरं?"

"पोरं नाहीत. शाळा बंद पडलीय."

मागून आमच्या गावातला आवाज येत होता. कुणाचं तरी कुणाशी भांडण, ट्रॉलरचं इंजिन, देवळावरचा स्पीकर. "मंग शांत नाय तर काय व्हईल," ती म्हणाली. "मेलाय तो गाव." आणि मग गुडघ्याला लावायचं तेल संपलंय, हे सांगायला लागली.

ताई मागे येऊन उभ्या होत्या. "काय म्हणाल्या गं आई? आवडलं का त्यांना?"

"हो," मी म्हटलं. "फार आवडलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचे कप परत द्यायला मी मागच्या दाराने गेले. आजी अंगणातल्या नळापाशी बसल्या होत्या. शेजाऱ्याने माशांचं एक मोठं खोकं आणून ठेवलं होतं आणि त्या एकट्या ते साफ करत होत्या. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. चार मासे झाले की सुरी खाली ठेवून मनगट चोळायच्या. मी कप कडेला ठेवले आणि समोर उकिडवी बसले. खुणेने विचारलं, मी करू? त्यांनी जोरजोरात नाही म्हणून हात हलवला. पाहुण्याने काम करणं त्यांना पटत नसावं. मी उठले नाही. शेवटी त्यांनी हसून दुसरी सुरी काढून दिली.

ती सुरी मला नवीन होती, आखूड आणि जाड पात्याची. आम्ही विळीवर बसून मासे कापायचो. पहिले दोन मासे मी वाईट कापले. तिसऱ्याला अंगठा आपोआप कल्ल्यात गेला. मग मला काही ठरवावं लागलं नाही. कल्ले, पोट, आतडी, पाणी, बाजूला. कल्ले, पोट, आतडी, पाणी, बाजूला. शेवटचं हे काम केलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. आजींनी हातातली सुरी थांबवली आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बोट दाखवलं, समुद्राकडे दाखवलं, मान वर करून प्रश्न केला. मी म्हटलं, "बाबा. आई." आणि होडीचं सुकाणू धरल्याची खूण केली. त्या मोठ्याने हसल्या, गुडघ्यावर थाप मारली आणि खोकं माझ्या बाजूला सरकवलं. मान दिला असं नाही म्हणणार. काम दिलं. ते मला जास्त आवडलं.

अर्धं खोकं संपलं असेल, तेव्हा मुलगी आली.

"आई! व्हेअर डिड यू लर्न दॅट?"

"घरी."

"विच घरी?"

"माझ्या घरी. तुझी आजी मासे विकायची. आजोबा होडीवर जायचे. मी शाळेत जायच्या आधी हे करायचे."

ती माझ्यासमोर बसली. "बट बाबा सेड इट वॉज एक्सपोर्ट."

नवरा तिच्या मागोमाग आला होता. दारात उभा होता, पायात पाहुण्यांसाठीच्या त्या तोकड्या सपाता. मी त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो शब्द माझ्या सासऱ्यांनी शोधून काढला. नातेवाइकांत नाचक्की नको म्हणून. सासऱ्यांचा मी त्यासाठी मनातल्या मनात राग राग केला, ते गेले तेव्हाही तो गेला नव्हता.

"ते मीच सांगितलं होतं घरी," नवरा म्हणाला. "माझ्या बाबांना खरं माहीतच नव्हतं. मला वाटलं, उगाच प्रश्न नको. मग ते तसंच राहिलं."

मी पुढचा मासा घेतला. माझा तिरस्कार अठरा वर्षं चुकीच्या माणसावर खर्च झाला होता. नवरा म्हणाला, "मी चहा बघतो," आणि आत गेला. असा माणूस आहे तो. वाईट नाही. ऐन वेळी चहा बघायला जातो.

एवढ्यात ताई आल्या. आजींनी दिलेला सुती किमोनो त्यांनी उलटा गुंडाळला होता. नंतर कळलं की तशी उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. "ओ माय गॉड! हलू नकोस! हलू नकोस!" आणि त्यांनी फोन काढून माझे वीस-पंचवीस फोटो काढले.

मुलगी उत्साहाने म्हणाली, "आत्या, डिड यू नो? आईचे बाबा वॉज अ रिअल फिशरमन! लाइक, विथ अ बोट! मी हे पोस्ट करणार आहे."

ताईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, दॅट्स आईचं बॅकग्राउंड. ते प्रायव्हेट असतं. असं सगळ्यांना सांगायचं नसतं."

तिथे, त्या अंगणात, समोर आतड्यांनी भरलेली बादली, हातात सुरी, ज्या गावाचे कोळी बघायला आम्ही अर्धी पृथ्वी ओलांडून गेलो होतो त्या गावात, कोळी असणं ही झाकून ठेवायची गोष्ट होती. ताईंना यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांना माहीत होतं, म्हणजे. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

दुपारच्या बसने आम्ही निघालो. आजींनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून ती आखूड सुरी दिली. विमानतळावर ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची विसरले आणि सुरक्षा तपासणीत काढून घेतली गेली. माझी चूक.

जूनमध्ये ताईंनी फोन करून सांगितलं की अल्फारेटाच्या मराठी कट्ट्यावर त्यांचं भाषण आहे. तिथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा रविवारी मंडळी जमतात, कुणी प्रवासावर बोलतं, कुणी मधुमेहावर. "तुम्ही यायलाच हवं," त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, "जाऊ या ना." आम्ही पुन्हा साडेसहा तास गाडी हाकली.

चाळीसेक माणसं होती. बटाटेवडे, स्टीलच्या टाकीत चहा, पुढच्या रांगेत मुलांकडे राहायला आलेले काका-काकू, मागे मुलं फोनमध्ये. ताई मोतिया रंगाची साडी नेसल्या होत्या. पहिली स्लाइड होती, 'शांततेच्या शोधात'. मग धुकं, मग होडी, मग त्या म्हातारीची पाठ. ताई छान बोलतात, हे मान्य केलं पाहिजे. आवाज खाली आणतात, थांबतात, लोक पुढे झुकतात. त्या म्हणाल्या, या माणसांना काहीच नको असतं. त्या म्हणाल्या, आपण किती गोंगाटात जगतो. बंद शाळेचा फोटोही होता. त्याच्याबद्दल म्हणाल्या, "इथे काळ थांबलाय." काकूंनी माना डोलावल्या.

मग मी पडद्यावर आले. उकिडवी, केस विस्कटलेले, कोपरापर्यंत खवले.

"आणि ही माझी भावजय," ताई म्हणाल्या. "हिने आयुष्यात कधी अख्खा मासा हातात धरला नव्हता. त्या आजींनी हिला एका सकाळी शिकवलं. भाषा नाही, ओळख नाही. पण दोन बायका..."

मी उभी राहिले. मी भांडणारी बाई नाही. ऑफिसातसुद्धा माझं म्हणणं मी ईमेलवर मांडते. पण उभी राहिले.

"ताई, मला कुणी शिकवलं नाही," मी म्हटलं. "मी कोळ्याची मुलगी आहे. माझे वडील मासे मारायचे, आई विकायची. हे मला आईने शिकवलंय, आणि तुम्हाला ते माहीत आहे."

इतकी वर्षं बंद ठेवलेलं दार उघडलं होतं आणि आता काहीतरी होणार, असं मला वाटलं.

पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मागे वळून बघितलं आणि हसून म्हणाल्या, "अय्या! मग तुमच्याकडे पापलेट अगदी ताजं मिळत असेल, नाही?"

दोघं-तिघं हसले. कुणीतरी म्हणालं, "इथलं फ्रोझन काही खरं नाही." एका काकांनी हात वर करून विचारलं की एप्रिलमध्ये चेरीचा बहर संपतो का. मग दुसऱ्याने विचारलं, "व्हेज ऑप्शन्स कसे होते?" भाऊजी उठून उभे राहिले. "एक्सलंट," ते म्हणाले. "मी तर रोज दोन वाट्या सूप घ्यायचो. प्युअर व्हेज." मी खाली बसले. ज्यासाठी मी अर्धं आयुष्य जीभ चावून राहिले, त्याची या लोकांना पापलेटएवढीही किंमत नव्हती. त्यांना काही फरकच पडला नसता. मला आणि माझ्या नवऱ्यालाच पडत होता, आणि ताईंना.

पार्किंगमध्ये ताई आमच्या गाडीपाशी आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चारचौघांत खोटं पाडलंस मला."

"तुम्ही खोटं बोललात, ताई."

"तुझ्यासाठी बोलले! लोक काय म्हणतील तुला? इतकी वर्षं मी सांभाळून घेतलं, कुणाला एक अक्षर कळू दिलं नाही, आणि तू..." त्यांना खरंच रडू आलं.

त्या क्षणी मला दिसलं की त्या नाटक करत नव्हत्या. आपण भावजयीवर उपकार करतोय, असंच त्या मानत आल्या होत्या. एखाद्याच्या अंगावरचं कोड झाकावं तसं माझं माहेर झाकत होत्या, प्रेमाने. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता, असं म्हणतात. झाला नाही. उलट आधी राग होता, तो थोडासा बरोबरीचा तरी होता. आता मला त्यांची कीव आली, आणि कीव ही फार वरून येते.

"मला सांभाळून घेऊ नका," मी म्हटलं आणि गाडीत बसले.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने एकदाच विचारलं, "गरज होती का?" मी म्हटलं, "तुला विचारते मी. गरज होती का?" त्याने मग पॉडकास्ट लावलं.

ताई त्यानंतर पाच महिने बोलल्या नाहीत. दिवाळीला फोन आला, तोही नवऱ्याला. या वर्षी ते दोघं पोर्तुगालच्या एका डोंगरातल्या खेड्यात जाताहेत, तिथेही म्हणे काहीच नसतं. आम्हाला विचारलं नाही. नवऱ्याला थोडं लागलं.

आमची मुलगी कॉलेजच्या अर्जांना लागली. तिच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी निबंधासाठी विषय मागितला, आणि हिने आजोबांचा सांगितला. बाई खूश झाल्या. "दॅट्स युअर स्टोरी!" म्हणाल्या. जे सतरा वर्षं घरात उच्चारायचं नव्हतं, ते आता अर्जातलं सगळ्यात भारी पान झालं.

तिने निबंध मला वाचायला दिला. त्यात आजोबा भल्या पहाटे एकटेच वल्ही मारत समुद्रात जात होते. माझ्या बाबांच्या होडीला इंजिन होतं, बरोबर चार खलाशी असायचे, आणि बाबा सगळ्यांना कचकचीत शिव्या द्यायचे. निबंधातले आजोबा समुद्राचा आदर करायचे. बाबा समुद्राबद्दल बोलायचेच नाहीत, डिझेलबद्दल बोलायचे. निबंधातल्या नातीला आजोबांच्या हातांना येणारा मिठाचा वास आठवत होता. ती त्यांना आयुष्यात तीनदा भेटली, आणि तिन्ही वेळा डासांमुळे रडत होती.

"हे असं नव्हतं," मी म्हटलं.

"आय नो, आई. बट इट्स ॲन एसे."

"आजीला तरी फोन करून विचार."

तिने केला. मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, आजोबा कसे होते?" आई पाऊण तास बोलली. शेजाऱ्याने जाळं चोरलं होतं ते, बाबांनी त्याच्या अंगणात जाऊन केलेला तमाशा, आणि पोलीस आले तेव्हा दोघं एकाच बाकावर बसून बिडी कशी ओढत होते, ते. मुलगी हसून हसून लोळत होती. मला वाटलं, आता बदलेल.

दुसऱ्या दिवशी तिने निबंध पुन्हा दाखवला. एक शब्द बदललेला नव्हता. "तेही भारी होतं," ती म्हणाली, "बट दे वोन्ट गेट इट."

मला तिला बरंच काही सांगता आलं असतं. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि स्पेलिंग तपासून दिलं.